चंद्रव्वाच्या नावाची चिठ्ठी

माझ्या बायबलमध्ये सहा वर्षांपासून एक चिठ्ठी आहे. आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी सगळ्यांना कागद वाटले आणि म्हणाले, ज्याला प्रभूबद्दल सांगायचं राहिलंय, अशा एकाचं नाव लिहा. मी लगेच लिहिलं, चंद्रव्वा. लिहायला काय जातं!

चंद्रव्वा माझी भिंतीपलीकडची लिंगायत शेजारीण. अठ्ठावीस वर्षं आमच्या मोऱ्यांचं पाणी एकाच गटारात जातंय. संक्रांतीला तिच्या शेंगापोळ्या माझ्याकडे, नाताळात माझ्या करंज्या तिच्याकडे. माझ्या घरात मटण शिजतं म्हणून करंजी आधी हुंगून बघायची आणि मग तीन खायची, अशी ही बाई.

एकदा तिनं आपणहून विचारलं होतं. ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो.

"एस्तर, तुमच्यात मेल्यावर जाळत्यात का पुरत्यात?"

"पुरतात."

"आमच्यात बी पुरत्यात की. बसवून, हातात लिंग दिऊन. मग म्होरं काय हुतंय गं तुमच्यात?"

दार सताड उघडं होतं. आणि मी काय म्हणाले? "थांब, चहा ठेवते."

माझा मुलगा शमुवेल तेव्हा बजावत असे, "आई, दिवस बरे नाहीत. कुणी उलटा अर्थ काढला तर नसती भानगड." मी त्याचं नाव पुढे करत राहिले. खरं सांगते, मला लोकांची भीती नव्हती. ती नंतर ओट्यावर येऊन बसली नाही तर, एवढीच भीती होती.

गेल्या महिन्यात पहाटे ती मोरीत पडली. तिचा मुलगा शिवशरण आणि मी, आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. उजवा हात-पाय गेला, बोलणं गेलं. जे चार शब्द उरले ते कानडी, तेही तुटके. मराठीत हाक मारली की परक्या बाईसारखी बघायची. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात गेले.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. मी घरी येऊन चिठ्ठी काढली आणि रडले. मग चर्चमधल्या शांतम्माकडे गेले. तिचं माहेर विजापूरकडचं. तिच्याकडून चार ओळींची कानडी प्रार्थना देवनागरीत लिहून घेतली आणि भाकऱ्या थापता थापता पाठ केली. साठीला टेकलेली बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी घोकत होते.

तोवर चंद्रव्वाला दवाखान्यात तिसरा दिवस लागला होता आणि तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. गिळता येत होतं, डॉक्टरांनी तपासलं होतं. पण पेजेचा चमचा आणला की ती ओठ घट्ट मिटायची. शिवशरण रडकुंडीला आला. "मावशी, आई ऐकंना. उद्या नाकात नळी घालणार म्हंत्यात." तो खाली औषधं आणायला गेला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

आजारी माणसाच्या उशाशी बसून असं करावं का, हे मनात आलं. पण पुन्हा चहा ठेवायला जागा नव्हती. डोळे मिटले आणि प्रार्थना म्हटली. उच्चार चुकले असतील, पण चारही ओळी म्हटल्या.

डोळे उघडले तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. ओळखीचं बघत होती! तिनं डावा हात हळूहळू वर उचलला आणि तळवा उघडा धरला. मला हुंदका फुटला. ऐकलं तिनं, प्रभू, घेतलं तिनं.

पण हात तसाच राहिला. मग तो गळ्याशी गेला, चाचपला, पुन्हा तळवा उघडून माझ्यापुढे आला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मला माझी पर्स आठवली.

पहिल्या दिवशी डोक्याचा स्कॅन काढताना तिच्या गळ्यातलं सगळं काढायला लावलं होतं. शिवशरणनं तिच्या लिंगाची चांदीची डबी माझ्या हातात दिली, "मावशी, ठिवा," आणि तो कागदपत्रांकडे पळाला. त्याच्या स्वतःच्या गळ्यात चेन आहे, लिंग नाही. तो विसरला. मीही विसरले. अठ्ठावीस वर्षं मी बघत होते की इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ही बाई चहासुद्धा घेत नाही. आणि तिचं लिंग तीन दिवस माझ्या पर्समध्ये, माझ्या छोट्या बायबलला टेकून पडलं होतं.

मी ती डबी उघडून लिंग तिच्या तळव्यावर ठेवलं. क्षणभर, खोटं कशाला बोलू, बोटं सुटेनात. सहा वर्षांनी तोंड उघडलं आणि मीच तिला तिचा देव परत देत होते. लिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा उजव्या हातानं करायची, आणि तिचा उजवा हात हलेना. माझ्याकडे बघत राहिली. काय हवंय ते मला कळत होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. डबीच्या कापडात विभूतीची वडी होती. माझ्या बोटांनी मी तिच्या कपाळाला लावली, लिंगाला लावली. तिनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जी शांती उतरली, तीच मी तिच्यासाठी मागितली होती.

मग तिनं तोंड उघडलं. वाटीभर पेज प्याली.

आता ती घरी आहे. शिवशरणला पूजा येत नाही, तो सातलाच कामावर जातो. मी नाही गेले तर ती उपाशी बसते. रविवारीही. त्यामुळे माझी सकाळची उपासना बुडते. पाळकसाहेबांनी परवा विचारलं, "एस्तरबाई, त्या नावाचं काय झालं?"

चिठ्ठी बायबलमध्येच आहे. रोज सकाळी मी प्रभूला म्हणते, मला नाही जमलं, आता तूच बघ. मग पलीकडे जाते. चंद्रव्वा डावा तळवा उघडून वाट बघत बसलेली असते, आणि मी माझा उजवा हात धुऊन घेते.