माझ्या अंगावरचा निळा रंग

"पप्पा, आपला बाक लाकडाचा आहे की नुसत्या ऑइल पेंटचा?"

मैत्री नावाच्या मुलीनं विचारला खरा, पण हा प्रश्न तिचा स्वतःचा नव्हता. श्रिया आणि बाकीच्या मैत्रिणींनी तिला चढवलं होतं, हिंमत असेल तर विचारून दाखव. दहावीला चांगले मार्क पडल्यापासून मैत्रीकडे हिमतीला तोटा नव्हता. तिनं विचारून टाकलं. वाटलं होतं पप्पा हसतील, पण ते मान फिरवून बाकाच्या मोडक्या पायाकडे बघू लागले.

मित्रांनो, तो बाक म्हणजे मीच. मी एक जुना सागवानी बाक आहे. महूकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, भंवरकुआं चौकाच्या मागच्या गल्लीत, मैत्रीच्या घराच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. पण जन्म महूचा! मैत्रीचे आजोबा आनंदराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी मला करवून घेतलं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमीकडे निघालेली लांबलांबची माणसं आमच्या दारी पाणी प्यायला थांबतात. त्यांना टेकायला जागा हवी, म्हणून मी. कुणी अकोल्याची आजी पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "लई दमदार बाक आहे बाई." तेव्हा मी आतून ताठ व्हायचो.

दर तेरा एप्रिलला आनंदराव मला निळा रंग द्यायचे. ते गेल्यावर पप्पा देऊ लागले. एक वर्ष चुकलं नाही. पण जुना रंग खरवडायचं कुणाच्या मनात आलं नाही. थरावर थर, थरावर थर! वरून मी नवरदेवासारखा चकाचक. आत मात्र फटींतून शिरलेलं पावसाचं पाणी अडकून बसायचं. यंदा ऐन जयंतीला पाहुणे बसले आणि माझा मागचा पाय कचकन खचला. पप्पांनी स्टीलचा बाक बघून ठेवला. रविवारी अटालेवाला मला भंगारात नेणार होता. पप्पा हसले नाहीत ते म्हणून.

मैत्रीनं माझ्या पायाची एक कपची उचलली आणि उन्हात धरून थर मोजले. अकरा! अकराव्याखाली सोनेरी लाकूड दिसलं. तिनं तिथल्या तिथे आठ दिवस मागून घेतले. मम्मी म्हणाली, हिला स्वतःचं कपाट आवरता येत नाही, अन् निघाली सुतारकी करायला. पप्पांनी अटालेवाल्याला पुढच्या रविवारचं सांगितलं.

बडा गणपती मंदिराजवळचे वासुदेवजी सुतार मला बघायला आले. त्यांनी मला बोटानं टकटक केलं.

"बेटा, याचा दम घुटतोय. पानी आत गेलं, निघायला रस्ताच नाही. पाय मी बघतो. तू पहिले सगळा रंग उतरव, मग बोलू."

त्यांनी सडलेला चार बोटं पाय कापून नवा तुकडा जोडला. बाकी सगळं मैत्रीवर सोडलं. स्कूटीवर बांधतात तशी ओढणी तोंडाला घट्ट बांधून ती लोखंडी पत्तीनं खरवडू लागली. मग रेजमाल, म्हणजे घासकागद, आधी खरखरीत, मग मऊ. हाताला फोड आले, तिनं पट्टी बांधली, परत घासलं. श्रिया गंमत बघायला आली आणि दोन तास घासून गेली.

पण उत्साह फार! सहाव्या दिवशी पोरीनं मला भर दुपारी गच्चीवर नेऊन वुड स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावला. मे महिन्याचं ऊन ते. रंग मुरायच्या आधीच वाळला आणि मी चितकबरा बोका झालो. मम्मीचं हसू थांबेना. वासुदेवजी फोनवर एवढंच म्हणाले, सावलीत, सकाळी, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं लाव, आणि जास्तीचा रंग लगेच पुसून घे. मैत्री रडली नाही. संध्याकाळपासून तिनं मला पुन्हा घासायला घेतलं.

आठव्या दिवशी सकाळी सावलीत स्टेन लागला. तो पूर्ण वाळल्यावर मला ओट्यावर आणून जवसाच्या तेलाचा हात दिला. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावरच्या रेषा उन्हाला दिसल्या. मित्रांनो, माझ्यावर माया काही कमी झाली नव्हती. पण नुसती माया पुरत नाही हो. एखाद्या जुन्या वस्तूला नवा थर द्यायच्या आधी जुना खरवडा, आत काय चाललंय ते बघा.

तेवढ्यात पप्पा आतून निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले.

"छान झालाय. आता वरून एक हात देऊ. माझ्या बाबांनी एक वर्ष सोडलं नाही."

मैत्री उठून माझ्यासमोर उभी राहिली. तिचे हात तेलानं माखले होते. मम्मीही दारात आली.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. याच्यावर आता रंग चढणार नाही. निळा झेंडा आपण ओट्यावर लावू, सगळ्या गल्लीला दिसेल एवढा. आणि दर उन्हाळ्यात बाकाला तेल मी देणार, कॉलेजला बाहेर गेले तरी येऊन देणार. आजोबांचं काम आजपासून माझ्याकडे, पप्पा. फक्त ते मी माझ्या पद्धतीनं करणार."