माहेरची अंथरुणं

दुसऱ्या केंद्राला माहेर हे नाव मोठ्या बाईंनी दिलं. मुख्य केंद्रातल्या मेनफ्रेमवर, म्हणजे तिथल्या मोठ्या संगणकावर, आग, पूर, काहीही संकट आलं, तर निवृत्तिवेतनाचं सगळं काम नदीपलीकडच्या त्या बसक्या इमारतीत जाऊन उभं राहायचं होतं. बाई म्हणत, वेळ आली तर अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं आणि तिथे आपलं सगळं तयार असावं, म्हणून माहेर. साहेब आधी हसले. मग तेही बैठकांत माहेरच म्हणू लागले.

बाई आता नव्हत्या. त्यांची मुलगी त्याच खात्यात डिस्कचं काम बघत होती, आईच्याच हाताखाली शिकलेली. लोक तिला धाकट्या बाई म्हणत. आईची जागा तिने मुकाट्याने घेतली. फक्त खुर्ची थोडी खाली करून घेतली, कारण आई उंच होती.

शनिवारी सकाळी चाचणी होती. मुख्य केंद्राशी संबंध तोडायचा, माहेरचं यंत्र उठवायचं आणि महिन्याचं निवृत्तिवेतन तिथे काढून दाखवायचं. फसलं तर माहेरला कुलूप लावून काम बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं, हे वरच्यांनी ठरवून टाकलं होतं. आईने शून्यातून उभी केलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि ती तिच्यामागे वर्षभरही टिकू नये हे धाकटीला मान्य नव्हतं.

माहेरी होते मामा. ते कुणाचेच मामा नव्हते, पण खात्यातले सगळे त्यांचे भाचे होते. चाचणीआधी फोनवर ते एकेक बाब वाचत होते आणि ती इकडून ताडून पाहत होती. डेटाच्या सगळ्या डिस्कची नक्कल तिकडे पोचली होती, तसूभर फरक नव्हता. राहिली ती अंथरुणं.

हाही आईचाच शब्द. काही डिस्क नुसत्या कच्च्या कामाच्या असत. माहिती क्रमाने लावताना तिथे पसारा मांडायचा आणि काम झालं की पुसून टाकायचा. त्या पसाऱ्याची नक्कल करण्यात अर्थ नव्हता. पण माहेरी तेवढ्याच डिस्क तयार हव्यात, रिकाम्या का असेनात: प्रत्येकीला नाव दिलेलं, आत काय कुठे आहे ते लिहायला जागा आखलेली. बिननावाच्या डिस्कला यंत्र दारातच उभं करतं. या तयारीला आई अंथरुणं घालणं म्हणायची.

त्याची काळजी नको, मामा म्हणाले. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी स्वतः फोन केला होता. मामा, माहेरची अंथरुणं काढली, म्हणाल्या."

धाकटीने हातातलं पेन खाली ठेवलं.

या शब्दावरून त्यांच्या घरात कायमचं भांडण होतं. बाबांच्या तोंडी अंथरुणं काढणं म्हणजे कपाटातून काढून पसरणं. आईच्या तोंडी म्हणजे सकाळी उठून गुंडाळणं. एकदा आत्या सहकुटुंब आलेली असताना आई म्हणाली, मी अंथरुणं काढलीत. बाबा निर्धास्त झाले. जेवणं आटोपल्यावर सगळे पाहुणे उघड्या फरशीकडे बघत उभे. आई पुढे कितीतरी वर्षं ठासून सांगायची, की घालायची ती घालायची असतात आणि काढायची ती काढायची.

"मामा, तुमच्या घरी अंथरुणं काढणं म्हणजे काय?"

"म्हणजे काय? पसरणं."

"आईचं म्हणजे गुंडाळणं. जरा बघता का?"

पलीकडे कळफलक वाजला. मग मामांचा आवाज आला, पार उतरलेला. अंथरुणांची एकही डिस्क आत नव्हती. सगळ्या दाराबाहेर, बिननावाच्या.

तिला लगेच उलगडा झाला. तेव्हा माहेरी मोठ्या डिस्क आल्या होत्या. जुनी अंथरुणं काढून आई दुसऱ्या दिवशी नवी घालणार होती. दुसरा दिवस दवाखान्यात उजाडला. आई चुकली नव्हती. काम अर्ध्यावर राहिलं होतं, एवढंच.

साहेब मागे येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, की मोठ्या बाईंच्या आजारपणाचं कारण सांगून तारीख पुढे ढकलता येईल, कुणी काही बोलणार नाही.

"नको साहेब. निम्मं तिने केलंय, उरलेलं मी करते. तुम्ही चहा सांगा."

धोका एकच होता. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला आणि नक्कल ठेवलेल्या डिस्कवर अंथरूण पडलं, तर लोकांचा हिशेब साफ. म्हणून आईची एक अट असे: आधी नाव विचारायचं, नसेल तरच द्यायचं. धाकटीने आज्ञेत ती अट घातली. ती सांगत गेली, मामा टंकून परत वाचून दाखवत गेले. मध्येच ते अडखळले.

"ही नको म्हणतेय. मला नाव आहे म्हणते."

त्यांनी दोन आकडे उलटे टंकले होते. ती डिस्क नकलेची होती. "अट आहे तोवर घाबरू नका," ती म्हणाली. "आकडा सुधारा. पुढची घ्या."

चहा आला तेव्हा शेवटच्या डिस्कला नाव मिळालं होतं. संबंध तोडला. माहेरचं यंत्र उठलं, कामाला लागलं, माहिती लावायच्या टप्प्यावर आलं आणि त्याने जागा मागितली.

"पाहुणे आडवे झाले, धाकट्या बाई," मामा म्हणाले. "ऐसपैस."

दुपारी निवृत्तिवेतनाची शेवटची ओळ निघाली. वरच्यांचा फोन साहेबांनीच घेतला आणि माहेर राहतंय एवढंच सांगून ते खिडकीकडे वळले.

तिने बाबांना फोन लावला. आई गेल्यापासून ती त्यांच्याकडे जायची, तासभर बसायची आणि परत निघायची. राहिली कधीच नव्हती. आज मुक्कामाला येते, ती म्हणाली.

"ये की. अंथरूण काढून ठेवतो."

त्या घरात आता या शब्दाचा एकच अर्थ उरला होता.

"घालून ठेवतो म्हणा, बाबा."

"बरं बाई," ते म्हणाले. "घालून ठेवतो."