चार पोरींची एक पोत

मी पोत बोलतेय. काळ्या मण्यांची, दोन वाट्यांची, चमचम करणारी. जवळून मात्र पाहू नका. सोनं माझ्यात औषधालाही नाही. अमरावतीच्या बाजारात बांगड्या-टिकल्यांच्या गाडीवर मी लटकत होते. तिथून मला नीलमनं विकत घेतलं, आणि नीलमचं लग्न झालेलं नव्हतं.

नीलम, दीक्षा आणि आणखी दोघी, अशा चार पोरी एका भाड्याच्या खोलीत राहून भरतीचा अभ्यास करायच्या. एकदा नीलमची पाळी बिघडली म्हणून ती बायकांच्या दवाखान्यात गेली. बाकावरच्या बायकांनी आधी तिचा गळा पाहिला, मग तोंड पाहिलं. नंबर लावणारीनं सगळ्यांदेखत विचारलं, "लगन नाही झालं न तुयं? मंग इतं काहून आली?" पोरगी औषध न घेताच परतली आणि येताना मला घेऊन आली.

तेव्हापासून चौघींपैकी कुणालाही तसल्या दवाखान्यात जायचं असलं की मी तिच्या गळ्यात. एकीच्या अंगावरून जायचं, एकीचं पोट दुखायचं. मला घालून गेलं की "या ताई, बसा ताई!" तोच आजार, तीच पोरगी. काय म्हणावं बाप्पा या माणसांना!

मग दीक्षाला दिवस गेले.

दीक्षा तिवशाकडची. वडील नाहीत, आई अंगणवाडीत मदतनीस. ज्याच्यामुळे हे झालं त्या ललितनं बातमी ऐकली आणि फोन बंद करून टाकला. त्याच्याबद्दल माझ्याकडे पुष्कळ शब्द आहेत, पण ते चारचौघांत बोलता येण्यासारखे नाहीत. दीक्षाचं मात्र पक्कं होतं. "मले हे नाही पायजे, नीलम. आता नाही अन् असं नाही." दुसरा महिना नुकताच लागला होता. गर्भपातासाठी पोरगी वेळेत होती, हे ध्यानात ठेवा.

अमरावतीत कुणीतरी ओळखीचं भेटेल म्हणून ती अकोल्याला गेली, एका खाजगी दवाखान्यात. अर्थात मला घालून. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहून गोड हसल्या.

"पहिलंच ना? मग राहू द्या की. मिस्टर कुठं आहेत?"

"पुण्याले... कंपनीत."

"मग त्यांना घेऊन या. त्यांची सही लागेल. नाहीतर सासूबाईंना आणा."

आता सासू कुठून आणायची? दीक्षानं मला मुठीत इतकं घट्ट धरलं की तिच्या तळहातावर मण्यांचे वळ उठले. नवरा नाहीच, असं तिला म्हणता आलं असतं. पण मी गळ्यात असताना ती कोणत्या तोंडानं म्हणणार? ती उठली आणि बसस्टँडवर येऊन रडली. त्या बाईंना कायदा माहीत नव्हता, की माहीत असून सही मागितली, कोण जाणे.

पुढं व्हायचं तेच झालं. कुणाच्या तरी ओळखीनं, चिठ्ठीशिवाय, एका दुकानातून गोळ्या आल्या. कशा घ्यायच्या, काय झालं तर कुठं पळायचं, सांगणारं कुणी नाही. गोळ्या वाईट नसतात हो! डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक बायका त्यांनीच सुखरूप मोकळ्या होतात. पण दीक्षाजवळ फक्त नीलम होती. रक्त थांबेना, ताप उतरेना, आणि एका सकाळी पोरगी मोरीत कोसळली. नीलमनं आधी खुंटीवरून मला काढून तिच्या गळ्यात घातलं, मग ऑटो बोलावला. याला हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर निखत होत्या. त्यांनी तपासलं, रक्त चढवायला लावलं. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आत थोडं राहून गेलंय. पिशवी मशीननं साफ करावी लागेल. भूल देऊ, घाबरू नको. वय किती?"

"तेवीस."

"मग इथं सही कर."

"नवरा पुण्याले हाय, मॅडम," दीक्षा पुटपुटली.

"असू दे, नाहीतर नसू दे. अठरा पूर्ण झाले की सही तुझी एकटीची लागते. लग्न झालेलं असो की नसो. वेळेवर आली असतीस तर साध्या गोळ्यांवर भागलं असतं."

"मंग अकोल्यात नवऱ्याची काहून मांगतली?"

डॉक्टर निखत यांनी कागद पुढं सरकवला. पेन तिच्या हातात दिलं.

म्हणजे माझी गरजच नव्हती! मला असा संताप आला म्हणून सांगू! एका सहीचं काम, आणि पोरगी मरणाच्या दारात.

आत नेताना दुर्गाबाई नावाच्या आयानं मला काढून पदरात जपून बांधलं. दीक्षा वाचली. नीलमनं घाबरून दीक्षाच्या आईला फोन केला होता, ती मिळेल त्या बसनं आली. दुर्गाबाईनं मला तिच्या हातात ठेवलं. "घ्या बाई, तुमच्या पोरीची पोत."

आईनं लेकीकडे पाहायच्या आधी मला पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला हो!

"लगन केलं का तू? सांग न व माय. केलं म्हन. मी काही नाही बोलत तुले."

"नाही केलं, आई."

"मंग ही घाल गळ्यात. मोटरीत गावचे मान्सं रायतेत."

"हिच्यापायीच मरत होती मी," दीक्षा म्हणाली. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं. "नाही घालत."

आई खाटेच्या कडेला बसली. तिनं लेकीच्या पायावर हात ठेवला. मला तिनं खिडकीत टाकून दिलं.

चला, सुटले एकदाची, असं मला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या खाटेजवळची बाई उठली. ती धारणीकडून भाचीला घेऊन आली होती. भाची दीक्षाच्याच वयाची, गळा मोकळा, दुखणंही तेच, भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"तुमाले नको असन तं ही पोत घेऊ का? डॉक्टर यायच्या आदी इले घालून देतो."

"नोका घालू, मावशी," दीक्षा म्हणाली. "तिची एकटीची सही चालते."

"सही चालन व माय. पन ह्या साऱ्या बाया पाहून रायल्या न."

आणि तिनं मला उचललं. आता मी या नव्या गळ्यात आहे, आणि पोरीनं मला मुठीत धरलंय.

पोरी, तुझं नावही मला ठाऊक नाही. पण ऐक. डॉक्टर आल्या की मला मुठीत धरून गप्प बसू नकोस. नवरा पुण्याला आहे म्हणू नकोस. किती दिवस झाले, काय घेतलंस, काय दुखतंय, सगळं सांग. या बायांना काय वाटेल याचा विचार करू नकोस, कारण त्यांचं मला चांगलं ठाऊक झालंय. तू वाचलीस तर त्या तुला नावं ठेवतील. आणि मेलीस, तर माझ्याकडे पाहून म्हणतील, भरल्या कपाळानं गेली, नशीब काढलं पोरीनं.