हकिमांचा पेला

"प्या की हो हकीम. मुलगी दिली म्हटलं ना मी," नवरीचा बाप म्हणाला आणि हसला. हसण्यात जरा धाकधूक होतीच.

मागणी घालायला आलेल्या बाकीच्या मंडळींचे पेले रिकामे होऊन परत गेले होते. डॉक्टर नायेफ यांचा तेवढा जागच्या जागी होता. मंडळींचे पुढारी तेच. रिवाजाप्रमाणे त्यांनी कडू कॉफीचा इवलासा पेला हातात घेतला, ओठाला न लावता समोर ठेवला, मग आपल्या भाच्यासाठी मुलीला मागणी घातली. मुलीच्या बापानं 'दिली, प्या' म्हटलं. खरं तर तिथंच सगळं आटपायला हवं होतं.

"तुमचं झालं," हकीम म्हणाले. "आमच्या अबू हैसमचं व्हायचंय अजून."

अबू हैसम म्हणजे नवरदेव हैसमचा बाप, हकिमांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यानं कपाळाला हात लावला.

"घरच्या लग्नातसुद्धा? अरे, मामा आहेस तू पोराचा, फौजदार आहेस का?"

"कॉफी निवतेय."

पुरुषांत खसखस पिकली. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या माणसाला जन्मात कधी गरम कॉफी मिळाली नाही."

"बरं बाबा, बरं. माझ्या दारात एकही गोळी हवेत उडणार नाही." अबू हैसमनं आपली भरघोस मिशी चिमटीत धरली. "ही गहाण टाकली. झालं समाधान?"

हकिमांनी पेला उचलून एका घोटात रिकामा केला, पुरे झालं अशा अर्थी दोन बोटांत हलवला आणि वाढणाऱ्याच्या हातात दिला. मग कुठं बायकांकडून आनंदाची पहिली किलकारी आली.

हकीम तरुणपणी आमच्या गावच्या आरोग्यकेंद्रात आले आणि तिथंच म्हातारे झाले. खोकला, जुलाब, लसी, यापलीकडे त्यांनी काही मोठं केलं असं कोणी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड भारी. बाळाला लस टोचायला आणलं की आधी आईची उलटतपासणी. रॉकेलची शेगडी कुठं ठेवतेस? टाकीला झाकण आहे का? छताचा कठडा तुझ्या कमरेला लागतो की गुडघ्याला? एका घरच्या विहिरीला झाकण बसेपर्यंत तर त्यांनी त्या घरच्या पायरीवरच ठाण मांडलं होतं. घरधनी वैतागून म्हणाला, "हकीम, तुम्हाला दुसरं काम नाही?" हे म्हणाले, "हेच काम आहे. पोर बुडून माझ्याकडे आलं की मग मला काही काम उरत नाही." लोक शिव्या घालत, पण झाकण बसवत.

हवेत उडवायच्या गोळ्यांचं मात्र कोणी ऐकेना. सोयरीक जुळली, मुलगा झाला, पोरगं बारावी पास झालं, की निघालंच पिस्तूल बाहेर. आकाशात तर मारतोय, कोणाला लागतंय? कोणाला लागतं ते हकिमांनी पाहिलं होतं. पाळण्यात निजलेल्या बाळाच्या मांडीतून त्यांनी एकदा शिशाचा तुकडा काढला होता, आणि ते लग्न कुठं होतं याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नव्हता. शुक्रवारच्या नमाजानंतर ते उभे राहून बोलले, शाळेच्या भिंतींवर चित्रं लावली. लोक माना डोलवायचे आणि संध्याकाळी पुन्हा फटाफट सुरू.

मग त्यांना कॉफी सापडली. दारात आलेल्या मानाच्या पाहुण्याचा पेला तसाच राहणं आमच्याकडे कोणालाच सोसत नाही, आणि गावातल्या एकूणएक मागणीला हकीम असायचेच. शब्द घ्यायचे, मग प्यायचे. शब्द घेऊनही थांबायचे नाहीत. लग्नाच्या दिवशी मांडवात पुढं खुर्ची टाकून शेवटची गाडी निघेपर्यंत बसून राहायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत कमरेला हात घालायची कोणाची टाप नव्हती. मांडवामागे त्यांची टिंगल चालायची, पण उन्हाळे गेले आणि आरोग्यकेंद्रात तसलं पोर आलं नाही.

हैसमच्या लग्नात ते पहिल्यांदा लवकर उठले. शुक्रवारचं जेवण झालं होतं, दह्यातलं मटण अन् भात पोटात जड झाला होता, गुडघा ठणकत होता. बहीण वदहा स्वतः येऊन म्हणाली, "नायेफ, जा, घटकाभर पड. नवरीला आणायला गाड्या निघतील तेव्हा पोराला पाठवते बोलवायला. इथं मी आहे ना."

घरचंच लग्न. बहिणीचंच दार. ते आरोग्यकेंद्रातल्या आपल्या खोलीवर गेले.

दार वाजलं ते बोलावणं आलं असं समजून हकीम उठले. दारात अताल्ला उभा होता, भट्टीवर रोट्या भाजणारा अताल्ला. घोऱ्यातून, म्हणजे खालच्या खोऱ्यातून, पोटासाठी वर आलेला माणूस. गावात त्याचं म्हणून एक म्हातारा चुलता तेवढा. त्याच्या हातांवर त्याची पोरगी रीताज होती.

"वाळलेले कपडे काढायला छतावर गेली होती," तो म्हणाला. "चक्कर आली वाटतं, हकीम. सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं तिनं. आईनं दोनदा सांगितलं, खाऊन घे, खाऊन घे. साखर कमी झाली असेल. हो ना?"

हकिमांनी तिला टेबलावर घेतलं. ह्याच टेबलावर तिला पहिली लस टोचली होती तेव्हा तिनं त्यांचा चष्मा ओढून पाडला होता. कपाळावर, गालावर कुठं ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी नाडी पाहिली, मग छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ काढली नाही, कारण काढली की बोलावं लागणार होतं. मग त्यांनी तिच्या डोक्यावरचे केस हळूच बाजूला केले. तिथं एक बारीकसं भोक होतं.

"साखर द्या ना तिला," अताल्ला म्हणत होता. "पाण्यात घालून द्या."

हकिमांनी त्याचा हात धरून तिच्या डोक्यापाशी नेला.

बाहेरून वरातीच्या गाड्यांचे भोंगे जवळ जवळ येत होते.

झालं होतं ते असं. हकिमांची पाठ वळताच मित्रांनी हैसमला खांद्यावर घेतलं. कोणीतरी म्हणालं, "मामा गेला. एक तरी होऊ दे, लग्न आहे का मयत?" पिस्तूल कोणी हातात दिलं ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. उडवलं हैसमनं. हे त्यानं स्वतःच पोलिसांपुढं कबूल केलं, नव्या सुटाच्या बाहीनं डोळे पुसत. वरातीनं आणलेली नवरी सजवलेल्या गाडीत बसून राहिली, तिला उतरवून घ्यायचं कोणाला सुचलं नाही.

वदहा आली ती आठवडा उलटल्यावर, सकाळी. रोग्यांच्या बाकावर रोग्यासारखी बसून राहिली. सगळे गेल्यावर आत आली.

"आई गेली तेव्हा तू केवढा होतास?"

"वदहा, नको."

"रांगत होतास. मी तुला कडेवर घेऊन पाणी भरलं. कधी काही मागितलं तुझ्याकडे?"

"नाही."

"मग आज मागते. आपली माणसं घेऊन अताल्लाच्या दारी जायचंय, क्षमा मागायला. पुढं तू बसायचंस. त्यानं आपला दावा सोडला तर कोर्ट शिक्षा निम्म्यावर आणतं, वकील म्हणतो."

"पुढं बसणारे दुसरे खूप आहेत."

"त्यांना तो नाही म्हणू शकेल. तुला नाही म्हणणार."

"म्हणूनच नको म्हणतो."

तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. "मला दगडाची समजू नकोस. त्या पोरीच्या आईच्या गळ्यात पडून मी रडले, तिनंही मला दूर लोटलं नाही. पण तिची गेली, नायेफ. माझा आहे अजून. काय करू मी? आणि मीच तुला म्हटलं होतं ना, जा, पड म्हणून? ते घेऊन मी रोज उठते."

त्या दिवशी आपण तिथून उठलो हे त्यांनाही रोज सकाळी आठवत होतं. ते बरं म्हणाले.

अताल्लाचं अंगण ते केवढं. खुर्च्या भाड्यानं आणून गल्लीपर्यंत मांडल्या होत्या आणि गावातली झाडून सगळी धेंडं त्यांवर बसली होती. कडक इस्त्रीचे झगे, डोक्यांवर लाल चौकड्यांचे रुमाल. अबू हैसमनं मिशी सफाचट काढून टाकली होती. त्याच्याकडे बघवत नव्हतं. समोर अताल्ला आणि त्याचा म्हातारा चुलता, दोघंच. अताल्लानं कोणाचा तरी कोट मागून घातला होता, तो त्याला खांद्यात मोठा होत होता. छतावर कपड्यांची दोरी तशीच होती. तिच्यावर त्या दिवसापासून कोणी काही वाळत घातलं नव्हतं.

चुलत्यानं कॉफी ओतली. हकिमांनी पेला घेतला आणि समोरच्या स्टुलावर ठेवला.

त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अताल्लाच बोलला. सावकाश, जमिनीकडे बघत.

"हकीम, तुम्हाला कशाला त्रास. तुम्ही काय मागणार ते मला माहीत आहे. एवढी मोठी माणसं माझ्या दारात आलीत, मी नाही म्हटलं तर उद्या ह्या गावात माझ्या हातची रोटी कोण घेईल? कुठं जाऊ पोराबाळांना घेऊन?" "तिची आई आत बसलीय. ती म्हणाली, हकिमांना एवढंच विचार. तुम्ही दर लग्नात पेला असाच खाली ठेवता ना? तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी ठेवता. मग आज कोणासाठी ठेवलाय?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर हकिमांना बरं वाटलं असतं. त्याला खरंच समजत नव्हतं.

मागून अबू हैसम घोगऱ्या आवाजात पुटपुटला, "बोल, नायेफ. तो तयार आहे. माग."

हकिमांनी मागे पाहिलं नाही. हैसमला त्यांनी स्वतःच्या हातांनी जगात आणलं होतं. पायाळू होता, रात्रभर बहिणीचा जीव टांगणीला लागला होता. ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी पेला उचलला आणि काहीही न मागता पिऊन टाकला.

रिकामा पेला त्यांनी दोन बोटांत हलवला आणि चुलत्याच्या हातात दिला.

"देव रीताजला आपल्या जवळ ठेवो," ते उठत म्हणाले. "मी दुखवट्याला आलो होतो, अताल्ला. मला काही मागायचं नाही. आणि मी मागितलं नाही, तर इथं दुसऱ्या कोणालाही मागता येणार नाही."

ते खरं होतं. पुढाऱ्यानं पेला रिकामा केला की मागणं संपलं. असं कोणी करत नाही. आमच्या बापजाद्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एवढी माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. मग एकेक खुर्ची सरकल्याचा आवाज येऊ लागला. अबू हैसम जाता जाता हकिमांच्या पायांशी थुंकला, आणि हकिमांनी पाय मागे घेतला नाही.

अताल्लानं दावा सोडला नाही. कोर्टानं द्यायची ती शिक्षा पुरी दिली. ईदला हकिमांनी बहिणीकडे खजुराच्या वड्यांचं ताट पाठवलं. वदहानं वड्या ठेवून घेतल्या नाहीत आणि निरोपही दिला नाही. जसं गेलं तसं ताट फडक्यासकट परत आलं.

त्यानंतर त्यांना कोणी लग्नाला बोलवलं नाही, मागणीला तर नाहीच. भर अंगणात स्वतःच्या भाच्याला वाऱ्यावर सोडणारा माणूस पुढं बसवायला कोण नेणार? आणि त्यांचा पेला समोर नसला की शब्द मागणारंही कोणी नव्हतं. हकिमांना हे त्या अंगणात, घोट घशाखाली जातानाच कळलं होतं. एक घोट घेतला आणि सगळ्या आयुष्याच्या कामावर पाणी सोडलं, असं त्यांना अजून वाटतं. तरीही दुसरं काय करायला हवं होतं ते त्यांना सापडत नाही.

परवाच्या शुक्रवारी वरच्या आळीत लग्न होतं. दुपारची जेवणं झाली तसे हकीम काठी घेऊन गल्लीत उतरले आणि खेळणाऱ्या पोरांना हाका मारू लागले. आरोग्यकेंद्राच्या मागच्या खोलीला जाड सिमेंटचं छत आहे, तिथं. पोरं कुरकुरत आली. "हकीम, आमचा डाव चाललाय ना. दर वेळी काय हो हे?" गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून उरलेल्या पोरांना पुढं घालून अताल्ला आला. आपल्या लहानग्याला कडेवर घेऊन तो उंबऱ्यापाशी टेकला.

वरून फटाफट सुरू झालं. एक पोरगी कानांवर हात ठेवून हकिमांच्या झग्याला चिकटली. बराच वेळ चाललं, मग विरळ झालं, मग थांबलं. वरच्या आळीतून गाणी ऐकू यायला लागली.

"थांबलं," म्हणत पोरं दाराकडे धावली.

अताल्लानं दारात आडवा हात धरला.

"बसा रे," हकीम म्हणाले. "वर गेलेल्या अजून खाली यायच्यात."