आंटी न्यार्कोआची मंजूर रजा

अमांक्रोमच्या जमीन कचेरीने आंटी न्यार्कोआला अकरा वर्षांत दोन दिवसांची रजा दिली नव्हती. ती गेल्यावर मात्र चौदा जणांना एकदम दिली. सूचनाफलकावर कचेरीप्रमुख ओफोसुहेने साहेबांच्या सहीचा कागद लागला: अंत्यविधीच्या तयारीसाठी शुक्रवारी कचेरी बंद, शनिवारी सर्वांनी कचेरीच्या कापडात हजर राहावे. सगळ्यांनी एकसारखं नेसायचं हे शोकाचं कापड काळ्यावर लाल नक्षीचं. ते साहेबांनी जातीने निवडलं होतं, त्यासाठी तीन बैठका झाल्या होत्या.

बोआतेमाने कागद वाचला आणि नोंदखोलीत येऊन बसली. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर आंटीचा पिवळा स्वेटर अजून लटकत होता. खणात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी होती. कोणाच्या पोराला गोवर आलाय, कोणाची सासू रुसलीये आणि कुठल्या गावाचा नकाशा कुठल्या कपाटात मागे सरकलाय, हे कचेरीत एकट्या आंटीला ठाऊक असे. इथल्या रिवाजाने अंत्यविधी कित्येक आठवड्यांनी होतो. सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, फायलींचा गठ्ठा घेऊन जिना चढताना ती चौथ्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "बोआतेमा, जरा धर गं."

बोआतेमाने आधी गठ्ठा धरला, कोसळणाऱ्या आंटीला नंतर. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

अंत्यविधीच्या पुस्तिकेत छापायचा आणि मांडवात वाचायचा सहकाऱ्यांचा श्रद्धांजलीचा मजकूर तिनेच लिहावा, असं ठरलं. साहेबांनी तो लाल शाईने तपासला.

"छान लिहिलंय. पण शेंगदाणे काढ. कचेरीचा मान राहिला पाहिजे. आणि हे वाक्य घाल: 'अकरा वर्षांत तिने एकही रजा घेतली नाही.' ठळक अक्षरांत."

"घेतली नाही, साहेब?"

"मग? घेतली होती का?"

"मागितली होती."

साहेबांनी चष्मा काढला. "सिस्टर बोआतेमा, तुमचा बदलीचा अर्ज माझ्याकडेच आहे ना? कुमासीचा? नवरा तिकडे, तुम्ही इकडे. वाईट वाटतं हो. अंत्यविधी आटोपला की बघतो."

बोआतेमाने वाक्य घातलं. ठळक अक्षरांत.

गुरुवारी साहेबांनी टेबल मोकळं केलं. पाहुणे येणार, तुंबलेले कागद दिसायला नकोत, म्हणून त्यांनी तासाभरात दोनशे सह्या ठोकल्या. क्वाकू दुआ हा कचेरीचा ड्रायव्हर आणि वयाने सगळ्यांत वडील. त्याने तो ढीग नोंदखोलीत आणून आपटला.

"घे, सिस्टर. सहा महिन्यांचं काम एका चहात."

ढिगात चौथाच कागद आंटीच्या अक्षरातला होता. *छातीत दुखते. कुमासीच्या मोठ्या इस्पितळात दाखवायचे आहे. दोन दिवसांची रजा मिळावी.* हा तिचा तिसरा अर्ज. आधीचे दोन मागे टाचलेले होते. पहिल्यावर शेरा: तपासणी पथक येऊन गेल्यावर बघू. दुसऱ्यावर: मंत्रीमहोदयांच्या भेटीनंतर. आणि तिसऱ्यावर, आजच्या तारखेने, ताजी सही आणि गोल शिक्का: रजा मंजूर. पर्यायी व्यवस्था करून जावे.

क्वाकू दुआने खांद्यावरून वाचलं.  मग म्हणाला, "व्यवस्था करूनच गेली की. तू आहेस ना."

"थट्टा करू नका, दादा."

"थट्टा मी करतोय?"

बोआतेमाने नियमाप्रमाणे कागदावर आवक क्रमांक टाकला. फाइलला मात्र लावला नाही.

शनिवारी आंटीच्या माहेरच्या अंगणात मांडव भरला होता. कचेरीची मंडळी रांगेने सगळ्या नातलगांशी हात मिळवत गेली आणि आपल्या खुर्च्यांवर बसली. रिवाजाप्रमाणे आधी पाणी आलं. मग घराण्याचे वडील, नाना अप्राकू, यांच्या वतीने काठीवाल्या प्रवक्त्याने विचारलं, "इकडे सगळं क्षेम आहे. तुम्ही काय हेतूने आलात?" कचेरीतर्फे क्वाकू दुआ उठला. "वाईट हेतू नाही. आमची बहीण होती, तिला पोचवायला आलो."

"या," प्रवक्त्याने नानांचा शब्द पोचवला; घराण्याचे वडील पाहुण्यांशी थेट बोलत नसतात.

बोआतेमाचं नाव पुकारलं गेलं. छापलेलं तिने सगळं वाचलं, एक शब्द न गाळता. "अकरा वर्षांत तिने एकही रजा घेतली नाही." साहेबांनी मान डोलावली. मांडवात कौतुकाचा हुंकार उठला आणि त्या हुंकाराने बोआतेमाच्या कानशिलांत रक्त चढलं. ती चौथी पायरी तिला दिसली. या वेळी आधी काय धरायचं, ते तिला कळत होतं.

"पुढचं पुस्तिकेत नाही," ती म्हणाली. "हे आंटीने स्वतः लिहिलंय."

तिने तिन्ही अर्ज वाचले. तारखांसह, शेऱ्यांसह. शेवटी म्हणाली, "ही रजा परवा, गुरुवारी, मंजूर झाली. आंटी, तू जा आता. कागद पूर्ण आहेत."

साहेब अर्धवट उठले. "माईक बंद करा. बाईंना दुःखाने भान राहिलेलं नाही."

कोणी माईक बंद केला नाही. आंटीची आई दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसली होती. नाना अप्राकू प्रवक्त्याकडे झुकले आणि काही पुटपुटले. प्रवक्ता काठी टेकत कचेरीच्या खुर्च्यांसमोर आला. मागे एक बाई पाण्याचा पेला घेऊन होती. ती क्वाकू दुआला ओलांडून गेली आणि तिने पेला साहेबांच्या हातात दिला.

एकदा पाणी दिलेल्या पाहुण्याला पुन्हा पाणी देत नसतात. 

"नाना म्हणतात," प्रवक्ता बोलला, "मघाशी तुम्हाला हेतू विचारला तेव्हा आम्हाला सगळं ठाऊक नव्हतं. म्हणून पुन्हा विचारतो. तुम्ही काय हेतूने आलात?"

साहेबांनी क्वाकू दुआकडे पाहिलं.

"मी गाडी चालवतो, साहेब," क्वाकू दुआ म्हणाला. "हे तुम्हालाच सांगावं लागेल."

साहेबांच्या नव्या कापडावर पाणी सांडत होतं. त्यांनी बोआतेमाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कुमासीच्या कागदाचं काय होणार ते स्पष्ट लिहिलेलं होतं. तिने नजर खाली घेतली नाही. कचेरीतल्या बाकी बारा जणांपैकीही कोणी घेतली नाही.

"आम्ही थांबतो," नाना पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने म्हणाले. "आमची पोरगी अकरा वर्षं थांबली होती."