रिकाम्या फोल्डरची धास्ती

मी एक निळा फोल्डर. वरून मखमल, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि आत काहीच नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तशातली गत. हे गुपित उघडं पडेल या धास्तीनंच माझा जन्म गेला.

कारखान्यातून तीनशे भावंडांबरोबर मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका डोंगराळ गावच्या कम्युनिटी कॉलेजात आलो. मे महिन्यात पदवीदान असतं. तोवर पेपर तपासून झालेले नसतात, म्हणून मंचावर नुसता फोल्डर देतात आणि खरी पदवी मागाहून टपालानं येते. तसं सांगणारी चिठ्ठी प्रत्येक फोल्डरमध्ये घालतात. माझ्यापर्यंत येता येता चिठ्ठ्या संपल्या. घालणारी बाई म्हणाली, "जाऊ दे, कोण वाचतंय!"

माझा जीव तिथंच उडाला.

समारंभात आधी एल्विन प्रॅटर यांचा सत्कार झाला. म्हातारा न्हावी. ज्यांचं कुणी आलेलं नसतं, त्यांच्यासाठी एकतीस वर्षं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा. त्यांनाही माझ्याच गठ्ठ्यातला वरचा फोल्डर दिला. सगळे उभे राहिले, तर ते लाजून म्हणाले, "टाळ्याच तर वाजवल्या, त्यात काय मोठं!"

मग नाव पुकारलं, ओपल टॅकेट. वय त्रेपन्न. वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलेलं. बीजगणितात दोनदा उडालेली. तिसऱ्या खेपेच्या पेपरचा निकाल अजून यायचा होता. पास झाली तर इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी, नाहीतर पुन्हा हातात पळी. तिची मुलगी दूर टेक्सासात, त्यामुळे टाळ्या एल्विनच्याच.

तिच्या हातात मी पडलो. मी मनात म्हणत होतो, बाई, उघडू नकोस. तिनं खुर्चीवर बसताच उघडलं.

ती उठली ती थेट मागच्या दारानं बाहेर. मला छातीशी धरून भिंतीला टेकली. दोष सगळा माझा होता. काठी टेकत एल्विन मागोमाग आले.

"अगं पोरी, पदवीची टोपी हवेत उडवायच्या आधीच पळालीस?"

"नापास झाले मी, मिस्टर एल्विन. बघा, आत काहीच नाही. चारचौघांत बोलावलं आणि रिकामं पाठवलं!"

एल्विननी स्वतःचा फोल्डर उघडला. तोही रिकामा. घाईत त्यांचं मानपत्र ऑफिसातच राहिलं होतं.

"घ्या! म्हणजे मीही नापास. एकतीस वर्षं टाळ्या वाजवल्या आणि टाळ्यांतच उडालो!"

ती रडता रडता हसली. "थट्टा करू नका हो."

"अगं, पदवी टपालानं येते. तुझी चिठ्ठी राहिली असणार."

"आणि नाहीच आली तर?"

"तर पुन्हा बसशील. मी पुन्हा टाळ्या वाजवीन. मला दुसरा उद्योग काय आहे?"

पुढचे सहा आठवडे मी तिच्या स्वयंपाकाच्या टेबलावर पडून होतो. टपालगाडी वाजली की ती दचकायची, तिच्याबरोबर मीही. अखेर पाकीट आलं. तिच्यानं ते फोडवेना. तिनं एल्विनना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागद माझ्यात नीट बसवला, आणि त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उभं राहून एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

एल्विन गेल्या हिवाळ्यात गेले. परवाच्या मे महिन्यात ओपल प्रयोगशाळेतून रजा काढून त्यांच्या खुर्चीत बसली, मला मांडीवर घेऊन. एक तरुण आई मंचावरून उतरली. सोबत कुणी नव्हतं. तिनं फोल्डर उघडला आणि पांढरीफटक पडली. ओपलनं मला, आतल्या पदवीसकट, तिच्यापुढे उघडून धरलं.

"हा बघ बाई, माझाही रिकामाच होता."

माझी धास्ती अजून गेलेली नाही. तुम्ही कधी माझ्या भावंडाला उघडलंत आणि आत काही दिसलं नाही, तर एवढंच करा. लगेच पळू नका. पहिल्या रांगेकडे एकदा बघा.