खंडेनवमीची सुट्टी

"आवं, पूजा झाली, आता जुंपा की तिला!" जाकिटाची चेन वर ओढत शोभना ओरडली.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई," एकनाथ म्हणाला. "खंडेनवमी हाय. उद्या दसरा झाला की काढू."

दोन हजार चारचा ऑक्टोबर. मिनेसोटातल्या त्या शेतात सोयाबीन वाळून खडखडत होतं, आणि नवरा-बायको कापणी-मळणीच्या जुन्या कंबाईनपुढे भांडत होते. कंबाईन पन्नास वर्षांचं, ट्रॅक्टरमागे बांधून ओढायचं. आसपासच्या शेतांवर आता आपली आपण चालणारी, घराएवढी यंत्रं आली होती. इथल्या कारखान्यातली फिटरची नोकरी सुटल्यावर कराडच्या एकनाथने हे शेत घेतलं, तेव्हा हे धूड गोठ्यात गंजत पडलं होतं. त्याने नट न् नट सोडवून ते चालतं केलं आणि त्याचं नाव ठेवलं म्हातारी. बायकोपेक्षा तिलाच जास्त जपायचा.

यंदा मुलाने, विनयने, अट घातली होती. "बाबा, धिस इज द लास्ट इयर. पीक घरात आलं तर राहा. नाहीतर शेत विकायचं आणि ईडन प्रेरीला आमच्याकडे यायचं." शोभनाला शहराच्या त्या उपनगराच्या नुसत्या नावानेच धाप लागायची. तिथे कुणाचं दार उघडं नसतं, मातीत हात घालायचा तर कुंडीसुद्धा विचारून ठेवावी लागते.

शेजारचा डेल रस्त्यावर गाडी थांबवून सांगून गेला, "एकनाथ, उद्या पाऊस आहे. आजच काढून घे."

"ऐकलं का?" शोभना म्हणाली.

"वर्साचा एक दिस इसावा देतो तिला. तेवढापन द्यायचा न्हाई?" एकनाथने म्हातारीच्या अंगावरची झेंडूची माळ सारखी केली. आभाळ निळंशार होतं. त्याच्यावर भरवसा ठेवून गडी दिवसभर ओसरीवर बसून राहिला. शोभनाचा जीव तीळतीळ तुटत होता.

दसऱ्याच्या पहाटे पाऊस आला आणि पावसापाठोपाठ बर्फ. दुपारी उघडलं तेव्हा पीक चिखलात आडवं झालं होतं. एकनाथने वेड्यासारखा ट्रॅक्टर सुरू केला. म्हातारी जेमतेम दोन ओळी चालली. मग ओली धाटं मळणीच्या ड्रमला गुंडाळली, जळका वास सुटला आणि पट्टा तुटला. तसला पट्टा आता कुठेच मिळत नव्हता.

सणाच्या जेवणाला आलेला विनय बांधावर उभा होता. "बाबा, स्टॉप. इट्स ओव्हर."

एकनाथ चिखलात गुडघे टेकून ड्रममधली धाटं उपसत राहिला. बोटं रक्ताळली. शोभना त्याच्या शेजारी बसली आणि तीही उपसू लागली. शेंगा फुटून दाणे कधीच मातीत गेले होते.

"चुकलं गं माझं," म्हणून तो ढसाढसा रडला.

माळ अजून ओलीगच्च लोंबत होती. शोभनाने ती हलकेच सोडवून घेतली.

"काल तुम्ही तिला सुट्टी दिली," ती म्हणाली. "आज तिनं आपल्याला दिली. उठा. पोराच्या गाडीत बसा."